नागरिकाचे दप्तर

आळंदीच्या घाटाखाली इंद्रायणीच्या प्रवाहावर पांढऱ्या फेसाचे जाड थर तरंगू लागले म्हणजे, आणि त्यातही तो काळ ज्येष्ठ वद्यातल्या पालखी-प्रस्थानाचा किंवा कार्तिकी यात्रेचा असला म्हणजे, त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकतात, लोकप्रतिनिधी चिंता व्यक्त करतात, खात्याखात्यांना सूचना सुटतात. आणि यात्रा पांगली, धरणातून थोडे पाणी सुटले, पात्र वरवर स्वच्छ दिसू लागले की त्या सूचनांची पुढे काय वासलात लागली, हे विचारायला कोणी उरत नाही. फेस पाहणारे डोळे लाखो असतात. परंतु तो कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी, कोणत्या नाल्याच्या मुखापासून सुरू झाला, याची तारीखवार लेखी नोंद एखाद्या कार्यालयाच्या बारनिशीत किती जणांनी करवून घेतली, आणि त्या नोंदीचे पुढे काय झाले हे विचारण्यासाठी त्यांतले किती जण पुन्हा त्याच कार्यालयाची पायरी चढले, असा प्रश्न केला तर उत्तर फार आशादायक येणार नाही. आपल्या औद्योगिक पट्ट्यातील पर्यावरणाच्या दुरवस्थेची कारणे अनेक आहेत. परंतु जे सर्वांना दिसते ते कोणाच्याच दप्तरात नीट नोंदलेले नसते, हे त्यांतील एक प्रमुख कारण होय, असे माझे मत आहे. आणि हे कारण दूर करणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

प्रथम भूगोल ध्यानात घ्यावा. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावलेली इंद्रायणी कामशेत, तळेगाव, देहू, तळवडे, चिखली, मोशी असा प्रवास करीत आळंदीस येते आणि पुढे तुळापूरला भीमेस मिळते. तिच्या दक्षिण तीरावर पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द आहे, तर उत्तर तीरावर निघोजे, कुरुळी, चिंबळी अशी खेड तालुक्यातील गावे. त्यांच्या पाठीशी चाकणची औद्योगिक वसाहत. गावठाणाचा कारभार ग्रामपंचायतीकडे, वसाहतीतील भूखंड व रस्ते औद्योगिक विकास महामंडळाकडे, बांधकामाचे नियोजन २०१५ साली स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, पूररेषा जलसंपदा खात्याकडे, सांडपाण्याच्या संमतीपत्रांचे व तपासणीचे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, कारखान्याच्या आतील सुरक्षिततेचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. नदी एकच, पण तिच्या दोन काठांवर आणि मधल्या प्रवाहावर सत्ता सांगणारी दप्तरे इतकी निरनिराळी की, फेस कोणाच्या हद्दीतला हा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे प्रत्येक कार्यालयाला दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखविण्याची सोय आपोआप उपलब्ध होते. महापालिकेने म्हणावे की वरच्या गावांतील मैलापाणी आणि वसाहतीतील रसायने याला कारण. वरच्यांनी म्हणावे की शहराचे सांडपाणीच प्रक्रियेवाचून नदीत येते. आणि दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश असल्यामुळे कोणाचेच म्हणणे खोटे ठरत नाही.

आता फेसाचा स्वभाव पाहू. कपडे व भांडी धुण्याच्या पावडरींत, तसेच कारखान्यांतून धातूचे सुटे भाग धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवांत जी साबणासारखी द्रव्ये असतात, ती प्रक्रिया न झालेल्या मैलापाण्यातील सेंद्रिय घाणीशी मिसळून प्रवाहातून निमूटपणे वाहत येतात; जिथे बंधाऱ्यावरून पाणी कोसळते आणि त्यात हवा घुसळली जाते, तिथे त्यांचा फेस होतो. म्हणजे दोष जिथे घडतो तिथे तो दिसत नाही आणि जिथे दिसतो तिथे तो घडलेला नसतो. ताप अंगाला लागतो, रोग मात्र अन्यत्र असतो. तसाच हा प्रकार आहे. म्हणून ‘आळंदीत फेस आला आहे, त्वरित कारवाई करावी’ एवढाच मजकूर असलेली तक्रार कितीही कळकळीने लिहिली, कितीही जणांनी तिच्यावर सह्या केल्या, तरी तिच्यावर कारवाई करणे प्रामाणिक अधिकाऱ्यालाही अवघड जाते. कारण फेसाला मालक नसतो. मालक असतो तो नाल्याला मिळणाऱ्या नळाला, चेंबरमधून फुटलेल्या मैलावाहिनीला, रात्री ओढ्याकाठी उभ्या राहिलेल्या टँकरला. तक्रारीने फेसापाशी न थांबता प्रवाहाच्या उलट दिशेने जावयास हवे, आणि ज्याचे उत्तर एका निश्चित कार्यालयाला एका निश्चित कागदाने देता येईल, असा प्रश्न विचारावयास हवा. या लेखाचे सारे प्रतिपादन या एका वाक्यात सामावलेले आहे.

असे प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला नव्याने मिळवायचा आहे असेही नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्या दोन दशकांत पवना नदीच्या काठची खेडी एका महानगरात विलीन होऊन १९८२ साली तिथे महापालिका आली. या वाढीच्या ऐन भरातच महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला, त्यान्वये ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण प्रतिबंधक मंडळ अस्तित्वात आले. केंद्राचा जलप्रदूषण कायदा त्यानंतर, १९७४ साली झाला. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि १९८८ च्या दुरुस्तीने जलकायद्यातही एक महत्त्वाची तरतूद घालण्यात आली: मंडळास साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकास स्वतः न्यायालयात फिर्याद दाखल करता येते, आणि तशी मागणी केल्यास मंडळाने आपल्याजवळचे संबंधित अहवाल त्यास उपलब्ध करून द्यावयाचे असतात. कायद्याने नागरिकाला केवळ प्रेक्षक मानलेले नाही. त्याने दिलेल्या खबरीस आणि त्याने केलेल्या मागणीस विधिमंडळाने मुद्दाम जागा करून ठेवली आहे. ती बहुतांशी रिकामी राहते, ही गोष्ट वेगळी.

ती जागा रिकामी का राहते, हे समजण्यासाठी पुराव्याची एक बाजू जवळून पाहिली पाहिजे. पुष्कळ उत्साही तरुण नाल्यातले रंगीत पाणी बाटलीत भरून कार्यालयात नेतात, आणि अधिकाऱ्याने ती बाटली बाजूला ठेवली म्हणजे त्याच्यावर संगनमताचा आरोप करतात. परंतु कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याच्या नमुन्याबद्दल जलकायद्याच्या कलम २१ ने ठरवून दिलेली रीत अशी आहे: नमुना मंडळाच्या अधिकृत माणसाने घ्यावयाचा, त्याच जागी, त्याच वेळी कारखानदारास त्याचे पृथक्करण करण्याच्या इराद्याची नोटीस द्यावयाची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावयाचे, दोन्ही भाग खुणा करून मोहोरबंद करावयाचे, त्यांवर नमुना घेणाऱ्याची व कारखानदाराच्या माणसाची सही घ्यावयाची, आणि एक भाग विनाविलंब मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे रवाना करावयाचा. ही रीत पाळली गेली नाही तर पृथक्करणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. तेव्हा आपली बाटली हा न्यायालयीन पुरावा होत नाही. आपले काम त्याहून वेगळे आणि त्याहून निकडीचे आहे: ज्याच्या हाती मोहोर आहे त्या अधिकाऱ्यास, पाणी वाहून जाण्यापूर्वी, योग्य जागी आणून उभे करणे. घाण पाणी बहुधा रात्री, पहाटे, सुटीच्या दिवशी किंवा पहिल्या जोरदार पावसात सोडले जाते. तसे ते सोडले गेले, आणि नमुना सोमवारी दुपारी घेतला गेला, तर अहवाल निर्दोष येणारच. आणि त्या निर्दोष अहवालाचा आधार घेऊन आपली तक्रार बंद होणार, हेही ठरलेलेच.

म्हणून खबर देण्याचे दोन भाग पाडावेत. पहिला भाग तातडीचा. पाणी वाहत असता, धूर निघत असता, टँकर उभा असता दूरध्वनी करावा. मंडळाच्या पिंपरी-चिंचवड विभागाच्या कार्यालयास करावा, महापालिकेच्या सारथी मदतवाहिनीस करावा. आणि वायुगळती, आग किंवा माणसांच्या जिवाला धोका असेल तर आधी ११२ ला करावा आणि स्वतः वाऱ्याच्या वरच्या बाजूस दूर व्हावे. ज्या पाण्याचे स्वरूप आपल्याला ठाऊक नाही त्यात हात घालू नये, दुसऱ्याच्या आवारात शिरू नये. शौर्याची इथे आवश्यकता नाही, सावधपणाची आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले तेव्हा काठच्या वस्तीतल्या अनेकांना श्वास कोंडल्याने रुग्णालयात न्यावे लागले होते. अशा वेळी वाहनाचा क्रमांक, उभे राहण्याची जागा आणि घड्याळातली वेळ या तीन गोष्टी टिपल्या गेल्या तर पुष्कळ काही हाती लागते. कारण घातक कचऱ्याच्या प्रत्येक खेपेबरोबर तो कोठून निघाला आणि कोठे पोहोचवायचा याचे वहनपत्र असणे नियमाने बंधनकारक आहे, आणि ज्या खेपेला असे पत्र नाही ती खेपच बेकायदेशीर ठरते.

दुसरा भाग लेखी. आणि त्याची हेळसांड सर्वांत अधिक होते. दोन अर्जांची तुलना करून पाहू. समजा एकाने लिहिले: ‘आमच्या भागातील कारखानदार नदीचा खून करीत आहेत, अधिकारी झोपले आहेत, कठोर कारवाई न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ आणि दुसऱ्याने लिहिले: ‘दिनांक अमुक रोजी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांपासून सहा वाजेपर्यंत, अमुक पुलाच्या पूर्वेस अंदाजे दोनशे पावलांवर, नाला नदीस मिळतो त्या मुखापाशी हिरवट रंगाचे, आंबूस उग्र वासाचे पाणी वाहत होते, त्याच नाल्याच्या वरच्या अंगास, अमुक रस्त्यावरील मोरीपलीकडे पाणी स्वच्छ होते, म्हणजे मिसळ या दोन ठिकाणांच्या दरम्यान होते. पाच वाजून वीस मिनिटांनी मंडळाच्या कार्यालयास दूरध्वनी केला. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. या टप्प्यातील नाल्यास मिळणाऱ्या सर्व नळांची पाहणी करून, कायद्याच्या रीतीने नमुने घ्यावेत आणि पाहणी अहवालाची नक्कल मिळावी, ही विनंती.’ पहिल्या अर्जात संताप आहे आणि तो खराही आहे; पण त्यावर अधिकाऱ्याने नेमके काय करावे याचा बोध होत नाही, त्यामुळे ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा पडून तो पुढच्या टेबलाकडे जातो. दुसऱ्या अर्जात कोणावर आरोप नाही. परंतु पाहणी केली की नाही, नमुना घेतला की नाही, नळ सापडला की नाही, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असेच द्यावे लागते. ज्या अर्जाला असे उत्तर द्यावे लागते तो अर्ज टाळणे कठीण असते.

अशा अर्जासोबत जी छायाचित्रे द्यायची त्यांच्यासंबंधी एक व्यावहारिक सूचना केल्याशिवाय राहवत नाही. मोबाईलने काढलेल्या मूळ छायाचित्रात वेळ व बहुधा ठिकाण नोंदलेले असते. तेच छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने धाडले की ही नोंद पुसली जाते. तेव्हा मूळ प्रत जपून ठेवावी, नुसत्या पाण्याचे न घेता पूल, खांब, पाटी अशी ओळखीची खूण चौकटीत येईल असे एक तरी छायाचित्र घ्यावे, आणि जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे. पाण्याला वास येत होता हे आपण सांगू शकतो. त्यात क्रोमियम होते हे प्रयोगशाळा सांगू शकते. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात प्लेटिंगची आणि रंगकामाची लहानमोठी युनिटे पुष्कळ असल्यामुळे अनुमान सहज सुचते. पण अनुमान अर्जात आले, की सारी चर्चा त्या अनुमानाभोवती फिरू लागते आणि पाहिलेली वस्तुस्थिती मागे पडते.

आता पाठपुराव्याकडे वळू. माझ्या दृष्टीने खबर देणे हा कार्याचा लहानसा आरंभ आहे. पाठपुरावा हे खरे कार्य होय. अर्ज प्रत्यक्ष दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नये; संगणकावरून दिला तर तक्रार क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. पंधरवड्यानंतर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्यावे. आणि ते देताना नवा विषय काढू नये, जुन्याच मागण्या त्याच क्रमाने मांडाव्यात. ‘तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’ असा संदेश आला आणि नाला मात्र पूर्ववत वाहत असला, तर चिडून गप्प बसू नये; निराकरण कोणत्या पाहणीने, कोणत्या दिवशी, कोणाच्या अहवालावरून झाले, एवढे विचारावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने यासाठी फार समर्थ साधन दिले आहे. दहा रुपयांचे शुल्क लावून केलेल्या अर्जास तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर न आल्यास प्रथम अपील, आणि तेथेही दाद न लागल्यास राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. त्या कायद्यात अभिलेखाची समक्ष पाहणी करण्याचा, इतकेच नव्हे तर साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार अंतर्भूत आहे, ही गोष्ट फारशा लोकांच्या ध्यानात नसते. परंतु ‘प्रदूषणाबाबत काय कारवाई केली’ असे मोघम विचारले तर उत्तरही मोघमच येणार. अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिप्पणीची नक्कल द्या, अमुक दिवसाच्या भेटीचा अहवाल द्या, नमुन्याच्या पृथक्करणाचा तक्ता द्या, बजावलेल्या निर्देशांची प्रत द्या. कागदाचे नाव घेऊन कागद मागितला म्हणजे तो एक तर मिळतो, किंवा तो अस्तित्वातच नाही हे लेखी मिळते, आणि ही दुसरी गोष्टही पुढच्या पायरीवर तितकीच मोलाची ठरते.

शासनाच्या कार्यालयांतील विलंबाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २००५ सालीच बदल्यांचे विनियमन व दप्तर दिरंगाई यांसंबंधीचा कायदा केला. सामान्यतः कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे त्यात म्हटले आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरतो, तिथे अनेक खात्यांचे अधिकारी एकाच वेळी समोर असतात. आणि हद्दीच्या वादात अडकलेल्या प्रश्नाला अशी समोरासमोरची बैठकच बहुधा तोंड फोडू शकते. एवढ्यानेही भागले नाही तर राष्ट्रीय हरित लवाद आहे, आणि त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. मात्र तिथे एक मुदत ध्यानात ठेवावी लागते: २०१० च्या कायद्यानुसार पर्यावरणविषयक वाद दाखल करावयाचा तो कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, पुरेसे कारण दाखविल्यास आणखी साठ दिवसांची सवलत. ज्याने आपल्या तक्रारीची पहिली तारीख जपून ठेवली नाही, त्याची बाजू कितीही न्याय्य असली तरी उंबरठ्यावरच अडखळण्याचा संभव आहे. कायद्याच्या दृष्टीने काळ मोजला जातो तो कागदावरच्या तारखेपासून, मनातल्या दुःखापासून नव्हे.

नोंदीचे आणि चिकाटीचे मोल काय असते, हे जगाच्या इतिहासात फार दारुण रीतीने सिद्ध झालेले आहे. जपानमधील मिनामाता या गावी १ मे १९५६ रोजी तिथल्या रासायनिक कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा यांनी, मज्जासंस्थेवर आघात करणारा एक अज्ञात रोग पसरत असल्याची खबर स्थानिक आरोग्य कार्यालयास दिली. खबर वेळेवर होती, देणारा तज्ज्ञ होता, घेणारे कार्यालय योग्य होते; तरीसुद्धा कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याचे संयुग हेच या रोगाचे कारण असल्याचे जपान सरकारने अधिकृतपणे मान्य केले ते २६ सप्टेंबर १९६८ रोजी, म्हणजे बारा वर्षांनंतर, आणि मधली बहुतेक सारी वर्षे विष समुद्रात जातच राहिले. खबर दिली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य आठवावा. उलटपक्षी आपल्याच देशात, माळव्यातील रतलाम शहरी, उघडी गटारे आणि मद्यार्काच्या कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी यांनी हैराण झालेल्या एका प्रभागातील सामान्य रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. नगरपालिकेने पैसे नसल्याची सबब पुढे करीत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला की, निधीचा अभाव ही नगरपालिकेला आपल्या मूलभूत कर्तव्यातून सुटण्याची वाट होऊ शकत नाही. रतलामचे ते रहिवासी कोणी शास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी एक गटार, एक कार्यालय आणि एक मागणी धरली आणि वर्षानुवर्षे सोडली नाही.

या साऱ्यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते प्रामाणिक असल्यामुळे त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, हे काम सरकारचे. पगार घेणारे अधिकारी असता नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाने पहाटे नाल्याकाठी का उभे राहावे? तत्त्वतः हे मान्य आहे. परंतु हजारो कारखाने, शेकडो नाले आणि मोजके क्षेत्र-अधिकारी अशी स्थिती असता, तिथे राहणाऱ्याला जे सहज दिसते ते दूरच्या कार्यालयाला कधीच सहज दिसणार नाही. नागरिकाने अधिकाऱ्याचे काम करावयाचे नाही; अधिकाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची जागा राहू द्यायची नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. मराठवाड्यातून, खानदेशातून, उत्तरेतील राज्यांतून इथे आलेला कामगार म्हणतो की, तक्रार केली आणि कारखाना बंद पडला तर माझी चूल कोण पेटवणार? या प्रश्नाची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु निष्काळजीपणाचा पहिला बळी तोच कामगार असतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात, केकवर लावण्याच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आगीचा भडका उडाला, त्यात प्राण गमावले ते प्रामुख्याने तिथे काम करणाऱ्या स्त्रियांनी. शिवाय जो उद्योजक खर्च सोसून सांडपाण्यावर प्रक्रिया करतो, त्याचा माल महाग पडतो. आणि जो रात्री नळ उघडतो त्याचा माल स्वस्त पडतो. म्हणजे कायदा न पाळणाऱ्याकडे दुर्लक्ष करणे हा कायदा पाळणाऱ्यावर बसविलेला एक जुलमी करच होय. नेमकी तक्रार उद्योगाच्या विरुद्ध नसते. ती प्रामाणिक उद्योगाच्या बाजूची असते.

तिसरा आक्षेप अधिक अप्रिय आहे. तक्रारीचा धाक दाखवून कारखानदारांकडून पैसे उकळणारे लोक या पट्ट्यात नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. आणि त्यांच्यामुळे खऱ्या तक्रारदाराकडेही संशयाने पाहिले जाते. यावर उपाय तक्रार बंद करणे हा नसून ती उघड्यावर करणे हा आहे. एकट्याने न करता सोसायटीच्या, ग्रामसभेच्या किंवा स्थानिक मंडळाच्या नावाने करावी. कारखानदाराशी खासगीत बोलणी करू नयेत. मिळालेला प्रत्येक कागद सर्वांना पाहता येईल असा ठेवावा. आणि दोष दूर झाला तर तसे त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन कार्यालयास लेखी कळवावे. समाधानाचे पत्र देणाऱ्या तक्रारदाराच्या पुढच्या तक्रारीला वजन येते.

आणि विलंबाची किंमत कोण देतो, हेही पाहावे. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले महापालिकेने १७ मे २०२५ रोजी पाडले. त्यामागे हरित लवादाचा २०२४ चा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला होता. २०२५ च्याच फेब्रुवारीत कुदळवाडीतील भंगाराची गोदामे आणि पत्र्याची शेड मोठ्या प्रमाणावर जमीनदोस्त करण्यात आली. नदीच्या दृष्टीने आणि कायद्याच्या दृष्टीने या कारवायांचे समर्थन करता येते; परंतु पूररेषेत भरावाचा पहिला ट्रक रिकामा झाला त्या आठवड्यात ते काम थांबले असते, पहिले शेड उभे राहिले तेव्हाच परवान्याची विचारणा झाली असती, तर आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्याचे घर गेले नसते आणि हातावर पोट असणाऱ्याचा रोजगार एका दिवसात बुडाला नसता. वेळेवर झालेली कारवाई सौम्य असू शकते. उशिरा झालेल्या कारवाईला क्रूर होण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि तिचा आघात ज्याने सर्वांत कमी अपराध केला त्याच्यावर सर्वांत अधिक होतो.

शासनयंत्रणेकडूनही काही मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. एका नदीसाठी एकच तक्रार क्रमांक असावा, आणि हद्द बदलली तरी तो क्रमांक बदलू नये. अर्ज दुसऱ्या खात्याकडे पाठविणे म्हणजे तो निकाली काढणे असे समजले जाऊ नये. दोष दूर झाल्याची खात्री तक्रारदाराकडून करून घेतल्याशिवाय तक्रार बंद केली जाऊ नये. आणि प्रत्येक नमुन्याचा निष्कर्ष, स्नानयोग्य पाण्यात प्रतिलिटर जैविक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर नसावी आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमच्या खाली नसावा या निकषांशी ताडून, नदीकाठच्या प्रत्येक गावाच्या फलकावर मराठीत लावला जावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ साली देशातील ३११ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांतील ५५ एकट्या महाराष्ट्रातील होते, आणि कोणत्याही राज्यापेक्षा ही संख्या अधिक होती. ज्या राज्याने केंद्राच्या पाच वर्षे आधी जलप्रदूषणाचा कायदा केला, त्या राज्याच्या वाट्याला हे स्थान यावे, याची खंत शासनाला आणि नागरिकाला सारखीच वाटली पाहिजे.

परंतु या सुधारणा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शासकीय अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, साधारण तीन वर्षांत टेबलावरचा माणूस बदलतो, आणि त्याच्याबरोबर प्रकरणाची आठवणही जाते. देहू, चिखली, मोशी, कुरुळी, आळंदी इथे राहणारा माणूस मात्र तिथेच असतो. म्हणून आठवण जपण्याचे काम त्यालाच करावे लागेल. प्रत्येक गावात, प्रत्येक मोठ्या वसाहतीत एक वही असावी. तीत तारीख, वेळ, जागा, आवक क्रमांक, आलेले उत्तर आणि पुढची मुदत एवढे रकाने असावेत. ती एका माणसाच्या उत्साहावर अवलंबून न राहता दरवर्षी दुसऱ्याच्या हाती सोपविली जावी. आणि दोन काठांवरच्या वह्या महिन्यातून एकदा शेजारी ठेवून पाहिल्या जाव्यात, म्हणजे ज्या नदीला कार्यालयांनी हद्दींत विभागले आहे तिचा वृत्तांत तरी अखंड राहील. नदीवरची भक्ती आपल्याकडे भरपूर आहे आणि तिच्या दुर्दशेबद्दलचा संतापही अपुरा नाही. उणीव आहे ती या भक्तीला आणि संतापाला तारीख व क्रमांक देण्याची. आणि ते काम पुढच्या यात्रेची वाट न पाहता, ज्याच्या घरापासून नाला जवळ आहे त्याने या आठवड्यातच सुरू करावे.